बायकांच्या रांगेत

बंगलोर,
३ मार्च १९८६

रत्नाताईस नमस्कार.

अक्षर ओळखलंस तर पाकीट फाडून टाकण्याआधी एवढी दोन पानं वाच. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. घाटकोपरच्या खोलीतून निघाले तेव्हा तुम्ही सगळे मला सहदेव म्हणत होतात. आता मी सुहासिनी. इथे मला दुसऱ्या नावाने ओळखणारं कोणी नाही. माझी आई गेल्यावर आत्याने मला तुझ्याबरोबर एका ताटात वाढवलं, आणि आत्या गेल्याचं मला वर्षाने कळलं. ते लिहायला बसले तर हे पत्र पुरं व्हायचं नाही, म्हणून ते आज राहू दे.

आपल्या चाळीतली प्रेमा इथे दिली आहे. ती बाजारात भेटली. तिने मला साडीत ओळखलं आणि तरी चहाला नेलं. तिच्याकडून कळलं की तू पोलिसात आहेस, दोन वर्षं विमानतळावर बायकांच्या तपासणीला असतेस, आणि वाकोल्यात राहतेस. तिनेच पत्ता दिला.

मी मालनबाईंची सोबतीण म्हणून राहते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, मुख्याध्यापिका होत्या. दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. मी त्यांना आंघोळ घालते, पेपर वाचून दाखवते, आणि वाचता वाचता त्या माझं मराठी सुधारतात. त्यांची मुलगी मुलुंडला असते. फेब्रुवारीत एका डोळ्याच्या ऑपरेशनला आम्ही मुंबईला आलो होतो. जाताना इथल्या विमानतळावरच्या बाईने धातू शोधायच्या मशीनची दांडी फिरवली आणि सोडलं. परत निघताना तुमच्या इथे जे झालं, त्यासाठी हे पत्र.

मी मालनबाईंची चाकांची खुर्ची ढकलत बायकांच्या रांगेत उभी राहिले. पडद्याआड गेले. त्या महिला पोलिसांनी खांद्यापासून हात फिरवला आणि कमरेच्या खाली आल्यावर हात थांबला. मी हळूच म्हटलं, "ताई, जरा ऐका." त्या ऐकायला थांबल्या नाहीत. पडदा सारून बाहेर गेल्या आणि ओरडल्या, "साहेब, हा बाप्या आहे. बाप्याला माझ्या पडद्यात कोणी सोडला?"

फौजदारांनी मला दंडाला धरून पुरुषांच्या बाजूला नेलं. तिथे पडदा नसतो. सगळ्यांसमोर मला पदर खाली सोडायला लावला आणि एका शिपायाने तपासलं. रांगेतला एक सफारीवाला हसला. तपासून निघणार काय होतं? एक रुमाल आणि मालनबाईंच्या डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली.

परत आले तेव्हा मालनबाई खुर्चीत होत्या, डोळ्यावर पट्टी. म्हणाल्या, "चला." त्यावर आजपर्यंत एक शब्द नाही. त्यांना किती ऐकू गेलं, किती समजलं, मला माहीत नाही. समजलं असेल तर माझं हे घर सुटेल.

मे महिन्यात दुसऱ्या डोळ्यासाठी पुन्हा यायचं आहे. तू नियम जाणतेस. मी कुठल्या रांगेत उभी राहू, तेवढं कळव.

तुझी,
सुहासिनी


वाकोला,
१४ मार्च १९८६

सहदेव,

हेच नाव लिहिते रे, दुसरं लिहायला हात वळत नाही. रागावू नको.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं, रडले, आणि ह्यांच्या हाती लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. मेल्या, सात वर्षं. जिवंत आहेस एवढं तरी कार्डावर लिहायचं होतंस. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती हे मी तुला सांगणार नव्हते, पण सांगितलं. आता काय खातोस, अंगात काही आहे का, की तसाच काडी आहेस?

त्या दिवशी मी रजेवर होते. तिथे असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

ओरडली ती कुंदा. तू तिला वाईट म्हणशील, पण आधी ऐक. ती वाईट नाही. मागच्या वर्षी एक दारू प्यालेला माणूस पडदा सारून आत घुसला आणि त्याने तिचा हात धरला. 'चुकून गेला' म्हणून साहेबांनी सोडून दिला. तेव्हापासून पडदा हलला तरी ती दचकते. नवऱ्याने बजावलंय, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायची नोकरी असेल तर घरी बस. तिच्या पगारावर सासू आणि दोन नणंदा आहेत.

आणि रांगेतल्या बायका? कोणी बुरख्यात, कोणी पोटुशी, कोणी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडलेली. आम्ही त्यांना सांगतो, आत फक्त बाई आहे. त्या शब्दावर त्या पदर काढतात. तो शब्द आम्ही मोडायचा का? दिवसाला तीन-चारशे बायकांना हात लावतो आम्ही. त्याही आमच्याकडे अशा बघतात की जसं काही आम्ही मोरीतून उठून आलो. आमची पण अब्रू आहे की नाही?

नियम विचारलास म्हणून सांगते. नियमात दोन रांगा, बायकांची आणि पुरुषांची. तुझ्यासारख्यांचं कुठे काही लिहिलेलं नाही. मे महिन्यात एक दिवस शर्ट-पँट घाल, पुरुषांच्या रांगेतून नीट बाहेर पड, बंगलोरला पोचल्यावर तुला हवं ते नेस. एका दिवसाचा तर प्रश्न आहे ना.

म्हातारीचं मात्र फार वाईट वाटलं. डोळ्यावर पट्टी, खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली, चार वेळा तुझ्या नावाने हाक मारली आणि ओ द्यायला कोणी नाही.

आंबोळ्या मिळतात का तिकडे? पत्र पाठव. डबा भरला की जागा बदलीन.

तुझी,
रत्नाताई


बंगलोर,
२९ मार्च १९८६

रत्नाताई,

इथे आंबोळ्या मिळत नाहीत, डोसे मिळतात. मालनबाईंना मी एकदा आत्याच्या पद्धतीने करून घातल्या, तेव्हापासून दर रविवारी मागतात. काडी आता राहिले नाही. तू दारात बघितलंस तर आधी वजनावरून बोलशील.

सहदेव लिहिलंस म्हणून रागावले नाही. वाचताना आत्याचाच आवाज कानात आला. पण ताई, त्या नावाला ओ द्यायला माझ्यात आता कोणी नाही.

शर्ट-पँटचं मी खरंच करून पाहिलं. शेजारच्यांचे कपडे वाळत होते, त्यातला एक शर्ट मनातल्या मनात अंगावर चढवला. अडचण मालनबाईंची आहे. खुर्चीतून उठल्या की त्या माझा पदर मुठीत धरून चालतात. विमानाच्या जिन्याशी सुद्धा तेच. ऑपरेशन झालेल्या डोळ्यानेही अजून नीट दिसत नाही, पदर धरला की पुढे मी आहे एवढं कळतं. शर्टाला पदर नसतो.

कुंदाबाईंबद्दलचं पुन्हा एकदा वाचलं. त्यांना हात लावायचा नसेल तर लावू नये. ते त्यांनी ठरवायचं, मला त्यात बोलायला जागा नाही. रांगेतल्या बायकांचंही पटतं. पण मी पण त्याच रांगेत होते गं. मलाही कोणीतरी सांगितलं होतं की आत फक्त बाई आहे, म्हणूनच मी आत गेले. कुंदाबाईंनी आतल्या आत, हळू आवाजात म्हटलं असतं, 'मला जमणार नाही, साहेबांना विचारते,' तर मी जन्मभर त्यांचे उपकार मानले असते. त्या घाबरल्या, मीही घाबरले होते. ओरडल्यावर त्यांची भीती संपली. माझी तिथून सुरू झाली.

माझ्या अंगावर काय आहे, काय नाही, डॉक्टरने काय केलं, हे तू विचारलं नाहीस. बरं केलंस. प्रत्येकाला तेवढंच हवं असतं.

आता एक विचारते. मालनबाईंनी चार वेळा हाक मारली, हे मी तुला लिहिलेलं नाही. खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली होती, हे तर मलाही माहीत नव्हतं. परत आले तेव्हा कोणीतरी ती सरळ केलेली होती.

रत्नाताई, तू तिथे होतीस का?

सुहासिनी


वाकोला,
१२ एप्रिल १९८६

सुहासिनी,

हे नाव लिहायला पहिल्यांदा कागद फाडावा लागला, दुसऱ्यांदा जमलं.

होते. शेजारच्या पडद्यात होते. माझे हात एका गुजराती बाईच्या कमरेवर होते आणि 'ताई, जरा ऐका' एवढंच कानावर आलं. आवाज बदललाय तुझा, तरी मी ओळखला. लहानपणी माझ्या पुस्तकावर शाई सांडलीस की याच सुरात सुरुवात करायचीस. मग कुंदा ओरडली. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. फौजदार तुझ्या दंडाला धरून नेत होता. तू त्याच्याकडे बघतही नव्हतीस, खुर्चीकडे बघत होतीस.

मी बाहेर आले नाही. गुजराती बाई म्हणाली, "झालं का?" मी तिच्या बोर्डिंग कार्डावर शिक्का मारला आणि "नेक्स्ट" म्हटलं. तुला बाहेर उघडं करत होते आणि मी आत "नेक्स्ट" म्हणत होते.

का आले नाही? वाटलं, बाहेर गेले तर सगळ्यांना कळेल की ही माझी. एवढंच. फार मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. नंतर म्हातारी हाका मारायला लागली तेव्हा राहवलं नाही. गेले, खुर्ची सरळ केली, म्हटलं, "येतील हं त्या." ती माझा हात चाचपत म्हणाली, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "पोलीस." तिने हात काढून घेतला.

तुझं पत्र आलं तेव्हा रजेवर होते असं लिहून टाकलं. खोटं बोलायचा पण धंदा जमत नाही मला, बघितलंस ना.

मग मी कुंदाला सांगितलं. डबा खात होतो. म्हटलं, "फेब्रुवारीत तू जिला बाप्या म्हणालीस ती माझी मामेबहीण आहे." तिचा घास हातात राहिला. म्हणाली, "रत्ना, मला माहीत असतं तर ओरडले नसते."

"माहीत नव्हतं म्हणून ओरडायचं?"

"तुला सोपं आहे. तुझा हात कोणी धरला नाही." मग डबा बंद करत म्हणाली, "मी तिला हात लावणार नाही. तू काही म्हण. माझ्यावर सक्ती केलीस तर मी नोकरी सोडीन."

मी म्हटलं, "सक्ती तुझ्यावर नाही आणि तिच्यावर पण नाही. मी लावीन हात."

फौजदारांकडे गेले. तेही ऐक. म्हणाले, "रांगा दोनच आहेत बाई." म्हटलं, "साहेब, तिसरी मागत नाही. बायकांच्या रांगेतली ही एक माझ्याकडे द्या. सामानाच्या बाजूला छोटी खोली आहे तिथे घेते, म्हणजे रांगेतल्या कोणाची तक्रार नको." ते म्हणाले, "लेखी दे. उद्या कोणी बोंब मारली तर तुझ्या डोक्यावर." मी लेखी दिलं. नात्याच्या जागी 'मामेबहीण' लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

परतीची तिकिटं तू अकरा मेची, रविवारची काढ. माझी सकाळपाळी आहे. साडीच नेस.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तू आल्यावर बघू.

रत्नाताई


बंगलोर,
२४ एप्रिल १९८६

रत्नाताई,

तुझं पत्र घेऊन मी स्वयंपाकघरात बसले. रागाने दोन दिवस तुला उत्तर लिहिलं नाही, तिसऱ्या दिवशी तुझी आठवण यायला लागली. मग माझा राग कुठे ठेवला ते मलाच सापडेना.

तू खरं लिहिलंस, आणि माझं इथलं खोटं मला टोचायला लागलं. म्हणून काल दुपारी मालनबाईंना सगळं सांगितलं. पहिलं नाव, घाटकोपर, घर सोडल्यावर ज्यांनी वर्षभर मला जेवू घातलं ते लोक, नर्सिंग होममधलं आयाचं काम, तुझी पत्रं, सगळं. म्हटलं, "आता तुम्ही सांगाल तेव्हा मी जाईन."

त्यांनी चाचपून माझा पदर धरला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी चार हाका मारल्या. तू आली नाहीस. मला वाटलं, या आंधळ्या म्हातारीला कंटाळून गेलीस. परत आलीस तेव्हा ठरवलं, काही विचारायचं नाही. विचारलं आणि खरंच गेलीस तर?"

दोन महिने आम्ही दोघी एकाच भीतीने गप्प होतो.

मी विचारलं, "तुम्ही ऐकलं होतं का ते?" म्हणाल्या, "ऐकलं. समजायला वेळ लागला. पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. मला भिंतीला लावून ठेवलं. पस्तीस वर्षं शाळा चालवली मी, आणि चार हाका होईपर्यंत कोणी एवढं म्हटलं नाही की बाई, जरा थांबा, तुमची सोबतीण येते आहे. सामानाला सुद्धा चिठ्ठी बांधतात." मग म्हणाल्या, "एक पोलीस बाई आली होती. तिचा हात गार होता. मी तो झिडकारला. ती तुझी बहीण असेल तर तिला सांग, माझं चुकलं."

सांगितलं.

मुलीला काही कळवायचं नाही असं त्यांचं म्हणणं. "ती जावयाला सांगेल आणि जावई सल्ला देईल," म्हणाल्या.

अकराची तिकिटं काढली.

सुहासिनी


बंगलोर,
१६ मे १९८६

रत्नाताई,

सुखरूप पोचलो. मालनबाईंचा डोळा चांगला आहे. काल पट्टी काढली, आता त्यांना माझा आकार दिसतो. म्हणाल्या, "तू एवढी उंच आहेस होय."

मुलुंडला दहा दिवस होते, तुझ्याकडे आले नाही. तू बोलावलं नव्हतंस आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून सात वर्षांनी आपण भेटलो ते त्या खोलीत.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. तू खोलीत होतीस तेव्हा बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. रांगेत आमच्या मागे एक बाई होत्या, हातात भरपूर बांगड्या. माझा आवाज ऐकून त्या पुढे आल्या आणि कुंदाबाईंना म्हणाल्या, "हे इथे कसं? आमच्यात?" कुंदाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मशीनची दांडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "त्यांची तपासणी वेगळी आहे. तुम्ही तुमचा नंबर आला की या." मग मालनबाईंच्या समोर वाकून म्हणाल्या, "आजी, तुमची खुर्ची मी इथेच ठेवते, तोंड दाराकडे करून. तुमच्या सोबत आहेत त्या समोरच्या खोलीत जातात, पाच मिनिटांत येतील." मालनबाईंनी विचारलं, "तुमचं नाव काय?" त्यांनी सांगितलं. मला जाताना ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी माझा आवाज मोठा झाला." मी मान हलवली.

मग तुझी खोली. तू गणवेशात, केसांचा घट्ट अंबाडा, थेट आत्या. मला वाटलं तू मिठी मारशील. तू म्हणालीस, "हात बाजूला करा." मग म्हणालीस, "खांद्यापासून सुरू करते. चालेल?" प्रत्येक वेळी आधी विचारलंस. "कमरेला हात लावते. चालेल?" मी "हो" म्हणत गेले. तू एकही जागा सोडली नाहीस. घाई केली नाहीस, चेहरा बदलला नाहीस. तुला वाटत असेल की मला अवघड गेलं. ताई, तू बहीण म्हणून सोडून दिलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणीतरी सगळ्यांसारखं तपासलं.

घोट्यांपर्यंत येऊन तू उठलीस तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. कार्डावर शिक्का मारलास, तो वाकडा बसला. आणि मग, नोकरीच्या वेळेत, दार लावून, मला जवळ घेतलंस. तू फक्त म्हणालीस, "जाडी झालीस गं."

माफीचं तू म्हणाली होतीस ना, आल्यावर बघू. ते मी तिथेच बघितलं.

तुझी,
सुहासिनी


वाकोला,
१ जून १९८६

प्रिय सुहासिनी,

जाडी म्हटलं ते खरंच होतं, उगाच चेहरा पाडू नको.

बातमी अशी की माझी बदली झाली. त्या बांगड्यावाल्या बाईने तक्रार लिहिली. चौकशीत माझा लेखी कागद निघाला. मोठ्या साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कोणी अधिकार दिला?" फौजदार छताकडे बघत होते. मी म्हटलं, "झडती पुरी घेतली आहे साहेब, शिक्का आहे. काही राहिलं असेल तर सांगा." तरी बदली झाली, सोमवारपासून चौकीवर हजर व्हायचं. विमानं दिवसभर डोक्यावरून जायची त्याची सवय झाली होती. चुकल्यासारखं वाटेल. पण तुला वाईट वाटायचं कारण नाही. फेब्रुवारीत मी "नेक्स्ट" म्हटलं होतं, ते त्या खोलीत थोडं तरी फिटलं.

घरी ह्यांना सांगितलं. तांदळाचा डबा पुढे केला, म्हटलं, सगळी पत्रं वाचा. दोन दिवस लागले वाचायला. मग म्हणाले, "मेव्हणी आहे तर घरी का नाही आली?" मी म्हटलं, "आपण कधी बोलावलं?" तर आता बोलावते. पुढच्या खेपेला मुलुंडला आठ दिवस राहिलीस तर दोन दिवस इथे. मालनबाईंना पण आण. दुसरा मजला आहे, खुर्ची आम्ही दोघं उचलू. आईचा फोटो भिंतीवर आहे. तिच्यापुढे येऊन तुला काय बोलायचं ते बोल, मी आत कणीक मळत बसेन.

पण जुलैत डोळे दाखवायला याल तेव्हा विमानतळावर मी नसणार, हे आधीच सांगून ठेवते. ती खोली साहेबांनी बंद केली नाही, कारण बंद करायचं तर कागदावर कारण लिहावं लागेल, आणि ते कोणालाच लिहायचं नाही. तिथे आता कुंदा असेल.

निघताना तिने मला गाठलं. म्हणाली, "रत्ना, माझं मी बघीन. त्या दिवशी हात लावायला जमेल की नाही ते आत्ता सांगत नाही. नाही जमलं तर दुसऱ्या पाळीतल्या राधाला आधी बोलावून ठेवीन, तिने हो म्हटलंय. पण उभं करून ठेवणार नाही, आणि ओरडणार नाही."

मी म्हटलं, "एवढं पुरे आहे."

ती जायला वळली आणि परत आली. म्हणाली, "त्यांना हाक काय मारायची ते तू सांगितलंच नाहीस."

मी सांगितलं. तिने एकदा म्हणून बघितलं, माझ्यासमोर, हळू. नीट म्हणाली.

वाट बघते.

तुझी,
रत्नाताई